श्री वाघजाई माता सहपरिवार

१

“श्री वाघजाई माता सहपरिवार, अभिनंदन! हनिमूनसाठी बालीला चला. पहिल्या शंभर जोडप्यांना खास सवलत.”

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वासातला ही मेल आमच्या गावच्या गटावर येऊन पडली आणि पावणेआठला माझ्या दारात अकरा माणसं उभी होती. सगळ्यात पुढे वरच्या आळीचे हैबतराव. हातात मोबाइल असा धरलेला की जणू मेलेला उंदीर शेपटीला धरून आणलाय.

“चंद्रकलाबाई, ही थट्टा कुणाची?” त्यांनी विचारलं.

“मला काय ठाऊक? मला पण आत्ताच आली.”

“गट तुमी चालवता. तुमाला ठाऊक न्हाई तर कुणाला? ज्यांना देव न्हाई, त्यांनाच असलं सुचतं.”

दारातले बाकीचे दहा जण गप्प राहिले. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला हैबतरावांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला.

मुळशी धरणाच्या काठच्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं शाखा डाकपाल होते. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, पण टपाल मी वरच्या आळीचं आणि खालच्या वस्तीचं एकाच टेबलावर लावलं. निवृत्त झाल्यावर गावानं ईमेलचा गट माझ्या हाती दिला. गटाचा एकच पत्ता. त्यावर पत्र टाकलं की चौसष्ट जणांना पोचतं. गावातल्यांना, बावधन-महाळुंग्याला राहायला गेलेल्यांना, ठाण्याला नोकरी करणाऱ्यांनाही. ग्रामसभेच्या नोटिसा, तहसीलची पत्रं, हरकती, सगळं त्यावर. फेब्रुवारीपासून त्यात जाहिरातींचा कचरा येऊ लागला होता आणि गंमत अशी की सगळा कचरा वाघजाईच्या नावानं. आधी लोक हसले, मग न वाचता पुसू लागले. उघडून वाचली गेली ती नेमकी बालीची.

“हैबतराव,” मी म्हटलं, “मी देवी मानत न्हाई. ते गावाला ठाऊक हाय. पण तिच्या नावानं पोस्टात नवसाची पत्रं यायची, ती देवळात नेऊन कोण ठेवायचं? मीच. एकतीस वर्षांत एकबी फोडलं न्हाई.”

“ते जाऊ द्या. रविवारी देवळात बैठक हाय. गट बंद करायचा. हितनं पुढं माझा व्हॉट्सॲप ग्रुप. तितं फक्त मी लिहिणार, बाकीच्यांनी वाचायचं.”

आता कळलं. हैबतरावांनी पाण्याकाठची जमीन एका रिसॉर्टवाल्याला दिली होती आणि त्याच्या कुंपणात पाण्यावर जायची वहिवाटीची वाट चालली होती. खालच्या वस्तीला दुसरी वाट नाही. तहसील कार्यालयात हरकती पाठवायची मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत. हरकतीचा मसुदा, कागद, बाहेरगावच्यांच्या सह्या, सगळं गटावरूनच व्हायचं होतं. रविवारी गट बंद झाला की सोमवारी वाट गेली, आणि जाताना माझं नावही मातीत घालून गेली.

“बैठकीला येते मी,” मी म्हटलं. “पण माफी मागायला न्हाई.”

२

त्याच दुपारी किशोर बावधनहून आला. हा आमच्या गावचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गट त्यानंच बांधून दिला होता.

“मावशी, मी तेव्हाच म्हणालो होतो, दाराला कुलूप लावा,” तो बसल्या बसल्या म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं होतं. बाहेरच्या माणसाची मेल आधी अडवून ठेवायची, मी पाहून पास केली तरच ती सगळ्यांना जायची, अशी सोय गटात असते. ती मी बंद ठेवायला लावली होती. पत्र अडवणं माझ्या रक्तात नाही. तहसीलची नोटीस माझ्या झोपेपायी अडकून पडली तर? म्हणून दार सताड उघडं ठेवलं. माझ्या तत्त्वाची फळं मलाच चाखायला मिळाली.

“म्हणजे पत्ता माहीत असला की कुणीपण काहीपण पाठवू शकतं,” किशोर म्हणाला. “पण पत्ता बाहेर गेला कसा? आपण कुठंच छापलेला नाही. कुणीतरी दिला. जाहिरातवाल्यांच्या हातात एकदा पत्ता पडला की तो शंभर ठिकाणी फिरतो.”

“कुणी दिला असंल?”

किशोरनं चष्मा काढून पुसला. त्याला अवघड बोलायचं असलं की तो असं करतो.

“गावात काय बोलतायत सांगू? सभासदांची नावं-पत्त्यांची अख्खी यादी दोघांकडेच आहे. एक तुमच्याकडे.”

“आणि दुसरी?”

“माझ्याकडे,” तो म्हणाला. “म्हणजे चोर आपल्या दोघांतलाच.”

३

मी रात्रभर कुढत बसणाऱ्यातली नाही. गुरुवारी सकाळी चहा घेतला आणि सरळ विचार केला.

समजा यादी चोरीला गेली. मग चोराकडे चौसष्ट नावं आणि चौसष्ट पत्ते असणार. कचरा प्रत्येकाच्या स्वतःच्या पत्त्यावर, त्याच्या स्वतःच्या नावानं यायला हवा. मी नऊ जणांना फोन केले. स्वतःच्या मेलवर कुणाला असं काही आलं नव्हतं. जे आलं ते गटामार्फत, आणि नाव एकच, वाघजाईचं. म्हणजे ज्यानं पत्ता दिला त्याच्याजवळ यादी नव्हतीच. त्याला फक्त गटाचा पत्ता ठाऊक होता. यादीवाले दोघं, मी आणि किशोर, सुटलो. पण गटाचा पत्ता तर सगळ्या चौसष्ट जणांना पाठ.

वरच्या आळीत संशय शुभांगीवर होता. शुभांगी पर्यटकांना खोल्या भाड्यानं देते, इंटरनेटवर जाहिराती टाकते. तिच्याकडे गेले तर ती अंगणात चादरी वाळत घालत होती.

“मावशी, तुमीबी आलात का विचारायला?” तिनं चादर झटकली ती जवळजवळ माझ्या तोंडावर. “माझ्या खोल्या मी माझ्या नावानं विकते. देवीच्या नावानं विकाया मी काय धर्मशाळा काढलीय?”

“तुला चोर म्हणाया न्हाई आले. एक विचारायचंय. तुझ्या त्या फॉर्मात पाहुणे नाव कसं लिहितात?”

“नाव लिहायचं, खाली माणसं किती तो आकडा टाकायचा. मोठी दोन, लहान एक. असं.”

“सहपरिवार लिहीत न्हाईत?”

शुभांगी हसली. “खोली घेताना कोण सहपरिवार लिहितं? सहपरिवार काय लग्नाला बोलावलंय व्हय?”

मी तिथंच उभी राहिले. एकतीस वर्षांत हजारो लग्नपत्रिकांवर छाप मारलेली बाई मी. प्रत्येक लिफाफ्यावर नावापुढे तो शब्द वाचलेला. आणि महिनाभर तोच शब्द डोळ्यांसमोर येत असताना मला दिसला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका गावदेवीला जाते. हळदकुंकू लावून तिच्या पायाशी ठेवायची, मग माणसांना वाटायच्या. ही वाघजाईची थट्टा नव्हती. कुणीतरी तिला मानानं लग्नाला बोलावलं होतं.

कोणाच्या लग्नाला?

४

दिवाळीपासून गावात तीन घरी लग्नाची गडबड. शुभांगीच्या नणंदेचं लग्न डिसेंबरात झालं. हैबतरावांच्या आरोहीचं फेब्रुवारीत झालं. कोंडाजीबाबांच्या नातवाचं मे महिन्यात व्हायचंय.

सगळ्यांनी कचरा पुसून टाकला होता, पण पोस्टाची बाई पत्र फेकत नाही. माझ्याकडे सगळा शिल्लक होता, दोनशे सत्त्याऐंशी मेल. मी त्या टपालासारख्या लावायला घेतल्या, सगळ्यात जुनी आधी. गुरुवारची अख्खी दुपार गेली. डोळे चुरचुरले, मान धरली, आणि मधेच हैबतरावांच्या नावानं दोनचार शब्द तोंडातून गेले ते इथं लिहीत नाही.

सगळ्यात जुनी मेल चार फेब्रुवारीची. “श्री वाघजाई माता सहपरिवार, मंडप आणि सजावट एकाच छताखाली.” मग बँड. मेंदी. केटरिंग, ताटामागे दर. नवरीसाठी चेहरा उजळवणारं मलम. घोडी. परत मेंदी. रोज नऊ-दहा.

डिसेंबरात होऊन गेलेल्या लग्नाला फेब्रुवारीत कुणी मंडप विकत नाही. शुभांगीचं घर सुटलं.

पुढे सव्वीस फेब्रुवारीपर्यंत तोच सूर. आणि सत्तावीसच्या सकाळपासून मंडप बंद, बँड बंद, मेंदी बंद. एकही नाही. त्याऐवजी डबल बेड. फ्रिज. नव्या संसाराला भांड्यांचा सेट. कुलू-मनाली. आणि शेवटी बाली.

मी चष्मा काढून ठेवला. कचरा पाठवणाऱ्या त्या यंत्राला लग्नाची तारीख ठाऊक होती. सव्वीसला लग्न आटोपलं हे त्याला कळत होतं, कारण देवीचं नाव देणाऱ्यानं तारीखही दिली होती. मे महिन्यातलं लग्न असतं तर मंडपाच्या जाहिराती आजही आल्या असत्या. कोंडाजीबाबाही सुटले.

सव्वीस फेब्रुवारीला गावात एकच लग्न होतं. सकाळी बँड वाजत वरच्या आळीतून गेला तो मी माझ्या ओट्यावरून ऐकला होता. नवरी आरोही, आणि तिचा बाप आमचे हैबतराव.

५

आरोही लग्नानंतर महाळुंग्याच्या एका नव्या इमारतीत राहते, बाराव्या मजल्यावर. शुक्रवारी दुपारी बसनं गेले. तिनं दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहराच पडला. काही विचारायच्या आधी मला उत्तर मिळालं.

“मावशी, बसा ना. पाणी आणते.”

“पाणी नंतर. पत्रिका कुणी भरली?”

ती सोफ्याच्या कडेला बसली. हातावरची मेंदी आता फिकी पडली होती.

“मीच. ऑनलाइन पत्रिका होती, फुकट. नावं, ईमेल आणि लग्नाची तारीख टाकायची की ती सगळ्यांना पाठवते. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, पहिलं नाव देवीचं. सहपरिवार पण त्यांनीच टाकायला लावलं. पण ईमेल टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जाईना. देवीला कुठला ईमेल? मी म्हटलं, गटाचा टाकू, गाव म्हणजे देवीच.”

“मग ती पत्रिका गटावर का आली न्हाई?”

आरोही खिडकीकडे बघत राहिली.

“मावशी, बाबांनी विचारलं, हा पत्ता कुणाकुणाला जातो? मी म्हटलं, सगळ्यांना. ते म्हणाले, सगळ्यांना म्हंजी खालच्या वस्तीलाबी? मी हो म्हटलं. मग म्हणाले, रद्द कर. छापील वाटू.” तिनं डोळे पुसले. “मी रद्द केली. पण नाव, पत्ता, तारीख त्या लोकांकडं राहिली ती राहिली. कचरा यायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना अजून माहीत नाही.”

आमच्या वस्तीत त्या लग्नाची एकही पत्रिका आली नव्हती. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, सवय आहे. पण आलेली पत्रिका दारातून परत नेली हे ऐकून फार लागलं.

“माझं नाव घेऊ नका मावशी,” ती म्हणाली. “बाबा मला परत दारात उभं करणार नाहीत.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू सांगितलंस ते बंद लिफाफ्यातलं. माझ्याकडनं फुटायचं न्हाई.”

बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं की मी काय करून बसले. चोर सापडला होता, पुरावा सापडला होता, आणि रविवारी तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

६

रविवारी सकाळी देवळाचा सभामंडप भरला. कोंडाजीबाबा सगळ्यात वडीलधारे, म्हणून ते मधे. बाहेरगावचेही बरेच आले होते. आरोही आईशेजारी बसली होती, मान खाली.

हैबतराव बोलले ते पाऊण तास. गावाची अब्रू, देवीचा कोप, परंपरा, सगळं आलं. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण या माणसाला आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे शिरजोरी अगदी मनापासून चालली होती. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्या बाईनं आईची इटंबना केली. गट बंद करा आन् हिला देवीपुढं नाक घासू द्या.”

मी उठले.

“कोंडाजीबाबा, परवानगी असंल तर हैबतरावांना एकच विचारते.”

“विचार की,” कोंडाजीबाबा म्हणाले.

“हैबतराव, देवीचा एवढा पुळका हाय तुमाला. पण पोरीच्या लग्नात तिला बोलावलं व्हतं का? का देवीलाच इसरलात?”

मंडपात कुजबुज झाली. हैबतराव लालेलाल झाले.

“जीभ आवरा! देवीला इसरायला मी काय कालचा हाय? छापील पत्रिका तिच्या पायाशी ठेवल्याबिगर एकबी वाटली न्हाई. आन् छापील तर नंतरची! त्याच्या आदी कम्प्युटरवर केली, तवाबी पहिलं नाव तिचंच घातलं. श्री वाघजाई माता, सहपरिवार! सहपरिवारबी मी, ह्या तोंडानं, घालाया लावलं!”

पहिली शुभांगी हसली. तिनं पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. मग मागचे हसले. हैबतरावांना अजून कळलं नव्हतं. कोंडाजीबाबांनी हळूच मान हलवली आणि म्हणाले, “हैबती, म्हंजी ती बाली तुझ्याच घरला आलेली की रं.”

मग मी सगळं मांडलं. सहपरिवार हा शब्द कुठं लिहितात ते. मेल चार तारखेला सुरू झाल्या ते. सव्वीसला मंडप थांबला आणि सत्तावीसला डबल बेड आला ते. मेलचे कागद किशोरनं छापून आणले होते, ते हातोहात फिरले. आरोहीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

“चुकून झालं असंल,” हैबतराव म्हणाले. आवाज निम्म्यावर आला होता.

“चुकूनच झालं. मी कुटं म्हणते मुद्दाम केलं? पण मग ती कम्प्युटरवरची पत्रिका आमाला का मिळाली न्हाई?”

हैबतराव हातातले मेलचे कागद उलटेपालटे करू लागले.

“गटाच्या पत्त्यावर गेली असती तर चौसष्ट जणांना गेली असती,” किशोर हिशेब केल्यासारखा मोठ्यानं म्हणाला. “गेली नाही म्हणजे कुणीतरी थांबवली. का थांबवली? खालच्या वस्तीतले एकोणीस...” आणि तो मधेच थांबला. चष्मा काढून पुसू लागला.

आता कुणी हसत नव्हतं. कोंडाजीबाबा फरशीकडे बघत बसले. आमच्या वस्तीतली माणसं मागच्या खांबाशी उभी होती, त्यांच्याकडे वळून बघायची कुणाची छाती झाली नाही. मला वाटलं होतं की या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. राग आला आणि रडूही आलं, पण रडायला मी तिथे गेले नव्हते.

“एक चूक माझी,” मी म्हटलं. “दार उघडं मी ठेवलं. आजपासून बाहेरचं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जाईल, दिवसाला शंभर आली तरी. तहसीलचं एकबी अडकणार न्हाई, बालीचं एकबी सुटणार न्हाई. पण गट बंद व्हणार न्हाई. आन् तो दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार न्हाई. नाक घासायचं ऱ्हायलं. ते कुणाला घासायचं असंल त्यानं घासावं.”

कोंडाजीबाबांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर झाले असं नाही. वरच्या आळीतले सात जण मांडीवर हात ठेवून बसले. पण आरोहीचा हात वर होता, आणि तो तिच्या बापाला दिसेल इतका उंच होता.

लोक पांगले. हैबतराव देवळाच्या पायरीशी माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“मला तुमच्या त्या गटातनं काढून टाका. आत्ताच्या आत्ता.”

“आज रविवार हाय, हैबतराव. पोस्ट बंद. उद्या मेलनं अर्ज टाका, परवा बघते.”

सोमवारी संध्याकाळपर्यंत वाटेसाठी एकेचाळीस हरकती तहसीलला गेल्या. गटाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीची प्रत चौसष्ट सभासदांना पोचली, हैबतरावांनाही.